पॅनेल मीटरचा मायनस जोडायचा कुठे?

जुन्या काट्याच्या व्होल्टमीटरला मागे दोनच स्क्रू असत. ज्या सर्किटचं व्होल्टेज मोजायचं त्यातूनच थोडासा करंट घ्यायचा, त्यावर आतली कॉइल फिरवायची आणि काटा हलवायचा, एवढंच त्याचं काम. वेगळा सप्लाय लागत नसल्यामुळे इन्सुलेशन सोसेल तिथे, कोणत्याही दोन बिंदूंमध्ये तो बिनधास्त लावता येई. 1952 साली अमेरिकेत अँड्र्यू के यांच्या नॉन-लिनिअर सिस्टिम्स कंपनीने डिजिटल व्होल्टमीटर तयार केला आणि मीटरला दोनाऐवजी चार टोकं आली: दोन मोजणीची, दोन सप्लायची. सप्लायचा मायनस आणि मोजणीचा मायनस आतून एकमेकांना जोडलेले आहेत की नाहीत, यावर पॅनेल मीटरचं सगळं वागणं ठरतं. दुर्दैवाने मीटरच्या खोक्यावर नेमकी हीच माहिती छापलेली नसते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आज जो छोटा लाल आकड्यांचा मीटर सर्रास मिळतो, तो बहुधा तीन तारांचा असतो. लाल तार सप्लायचा प्लस, काळी मायनस आणि तिसरी, पिवळी किंवा पांढरी, मोजणीची. आत एक छोटा रेग्युलेटर, एक मायक्रोकंट्रोलर आणि मोजायचं व्होल्टेज खाली आणणारे दोन रेझिस्टर. काळी तार दोन्ही कामांना सामाईक असते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर किंवा एकाच आउटपुटच्या सप्लायवर हा मीटर उत्तम चालतो, कारण तिथे दोन्ही मायनस मुळात एकच असतात. अशा ठिकाणी आयसोलेशनवर एक रुपयाही खर्च करायची गरज नाही, हे आधी स्पष्ट सांगितलं पाहिजे. या मीटरला साधारण 4 ते 30 व्होल्ट सप्लाय चालतो. मोजायचं व्होल्टेज त्याहून जास्त असेल तर मीटरचा सप्लाय वेगळा, कमी व्होल्टचा द्यायचा, पण मायनस तोच ठेवायचा.

इथेसुद्धा एक बारकावा सुटतो. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर तारेला मीटरमागे सतरा-अठरा मिलिओहम रोध असतो. लोडचा पाच अँपिअर करंट जाणाऱ्या मायनसच्या तारेवरच, लोडच्या टोकाशी, मीटरची काळी तार जोडली आणि पिवळी मात्र सप्लायच्या प्लसवर ठेवली, तर मीटरभर तारेतले 90 मिलिव्होल्ट मोजणीत शिरतात. दशांशाचा एकच अंक दाखवणाऱ्या 30 व्होल्टच्या मीटरवर तो जेमतेम एका अंकाचा फरक. तीच चूक 200 मिलिव्होल्टच्या मीटरवर झाली की जवळजवळ अर्धी स्केल खोटी. म्हणून मीटरची काळी आणि पिवळी या दोन्ही तारा जिथलं व्होल्टेज हवं त्या टर्मिनलवरच न्यायच्या आणि त्यांच्यावर लोडचा करंट कधी चालवायचा नाही.

खरा तिढा दोन आउटपुटच्या सप्लायमध्ये पडतो. समजा, एका डब्यात 15 व्होल्टचे दोन स्वतंत्र सप्लाय आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेगळ्या वाइंडिंग, दोन रेग्युलेटर, समोर चार टर्मिनल. प्रत्येकाला एक तीन तारांचा मीटर लावला आणि दोन्ही मीटरना जागा आणि पैसे वाचवायला एकाच 7805 मधून पाच व्होल्ट दिले. आता पहिल्या मीटरची काळी तार पहिल्या आउटपुटच्या मायनसवर आहे, दुसऱ्याची दुसऱ्याच्या मायनसवर, आणि दोन्ही काळ्या तारा त्या 7805 च्या मायनसवर एकत्र आल्या आहेत. म्हणजे बाहेरून स्वतंत्र दिसणारे दोन सप्लाय आतून मीटरच्या बारीक तारांनी जोडले गेले. दोन्ही आउटपुट वेगवेगळ्या सर्किटना वापरले तर महिनोन् महिने काही कळत नाही, रीडिंगही बरोबर येतात. मग एके दिवशी कुणीतरी ऑप-अँपसाठी अधिक-उणे 15 व्होल्ट हवेत म्हणून दोन्ही सप्लाय सिरीजमध्ये लावतं: वरच्याचा मायनस खालच्याच्या प्लसला. त्या क्षणी खालच्या सप्लायचा प्लस आणि मायनस मीटरच्या काळ्या तारांतून थेट शॉर्ट होतात. करंट लिमिट असेल तर रेग्युलेटर वाचतो, पण मीटरच्या बोर्डावरचा केसासारखा ट्रॅक बहुतेकदा वाचत नाही. लोक मीटर बदलतात आणि तसाच पुन्हा जोडतात. दोष मीटरचा नसून सप्लाय वाटून घेण्याचा आहे, हे लक्षात यायला दोन-तीन मीटर खर्ची पडतात.

व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दाखवणाऱ्या मीटरमध्ये याच गोष्टीला आणखी एक पदर आहे. शंभर व्होल्ट, दहा अँपिअरचा म्हणून मिळणारा जो प्रकार आहे, त्याला बारीक तारांचा एक जोड सप्लायसाठी आणि जाड तारांचा एक करंटसाठी असतो. तारांचे रंग एका बनावटीतून दुसरीत बदलतात, त्यामुळे रंगावर विसंबू नये. यातला शंट, म्हणजे ज्यावरच्या मिलिव्होल्टवरून करंट मोजला जातो तो अगदी कमी रोधाचा रेझिस्टर, मायनसच्या बाजूला बसतो. बहुतेक बोर्डांवर बारीक काळी आणि जाड काळी आत एकाच ठिकाणी सोल्डर केलेल्या असतात. आता मीटरचा सप्लाय मोजायच्या सप्लायमधूनच घेतला असेल, तर मायनस जाड तारेने आधीच पोचलेला आहे; बारीक काळी मोकळी सोडणंच शहाणपणाचं. ती जोडली आणि पुढे कधी जाड काळीचा स्क्रू ढिला झाला, तर लोडचा सगळा करंट बारीक तारेतून जायला लागतो. आणि ती चुकून लोडच्या मायनसला जोडली तर शंटलाच आडवी वाट मिळते. अँपिअरचा आकडा शून्याजवळ घुटमळतो आणि माणूस मीटर बिघडला म्हणून दुकानात परत जातो.

मायनसच्या बाजूच्या शंटचा आणखी एक शत्रू म्हणजे दुसऱ्या वाटेने परत येणारा करंट. गाडीत दिव्यांचा, हॉर्नचा मायनस चेसिसला जातो. शंट बॅटरीच्या मायनस टर्मिनलला अगदी लागून, चेसिसच्या जोडाच्या आधी बसवला नाही तर चेसिसमधून येणारा करंट मीटरला दिसतच नाही. वर्कबेंचवर हेच काम ऑसिलोस्कोप करतो. त्याच्या प्रोबची क्लिप तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेली असते. सप्लायचा मायनस आधीच अर्थ केलेला असेल आणि लोडच्या मायनसला ही क्लिप लावली, तर लोडचा काही करंट शंट टाळून अर्थच्या तारेने परत जातो. मीटर कमी अँपिअर दाखवतो आणि कमी किती, ते तारांच्या लांबीवर ठरतं.

एलसीडीच्या मीटरची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे. साडेतीन अंकी एलसीडी पॅनेल मीटरच्या पोटात बहुधा इंटरसिलची आयसीएल7106 किंवा तिची नक्कल असते. ही चिप नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालावी म्हणूनच बनवलेली आहे. तिच्या कॉमन नावाच्या पिनेवर चिप स्वतःच सप्लायच्या प्लसपेक्षा सुमारे 2.8 व्होल्ट खाली असा एक स्थिर बिंदू तयार करते आणि त्याच्या आधाराने रेफरन्स ठरवते. मीटरच्या बोर्डावर मोजणीचा मायनस बऱ्याचदा याच कॉमनला जोडून टाकलेला असतो. म्हणजे बॅटरी नऊ व्होल्टची असताना मोजणीचा मायनस बॅटरीच्या मायनसपेक्षा जवळजवळ सहा व्होल्ट वर तरंगत असतो. बॅटरी स्वतंत्र असेल तोवर त्याने काहीच बिघडत नाही.

आता बॅटरी वारंवार बदलायचा कंटाळा येऊन कुणी बारा व्होल्टच्या सप्लायमधूनच 7809 लावून नऊ व्होल्ट काढले आणि त्याच बारा व्होल्टचं मोजमाप करायला घेतलं. मोजणीचा मायनस आणि सप्लायचा मायनस एक झाले. कॉमनची पिन जबरदस्तीने सहा व्होल्ट खाली ओढली गेली. ती पिन आपल्याला वर ओढणाऱ्या लोडला खाली खेचून धरू शकते, तीसेक मिलिअँपिअरपर्यंत. पण खाली ओढणाऱ्याला विरोध करण्याची तिची ताकद फक्त दहा मायक्रोअँपिअर आहे. म्हणून ती निमूट खाली जाते, तिच्यावर बेतलेला रेफरन्स तिपटीच्या आसपास फुगतो आणि शिवाय इनपुट चिपच्या चालणाऱ्या पट्ट्याबाहेर पडतं. सप्लायच्या मायनसपासून किमान एक व्होल्ट वर आणि प्लसपासून किमान अर्धा व्होल्ट खाली इतक्यातच तिचं इनपुट चालतं. स्क्रीनवर भलताच आकडा येतो, किंवा डावीकडे नुसता 1. पोटेन्शिओमीटर फिरवून तो आकडा दुरुस्त करायचा प्रयत्न करणं व्यर्थ आहे, कारण सप्लायचं व्होल्टेज हललं की रीडिंगही हलतं.

याच कारणाने दोन एलसीडी मीटर एका बॅटरीवर चालवता येत नाहीत. प्लस एकच, म्हणून दोन्ही कॉमन एकाच पातळीवर, आणि त्यांना जोडलेले दोन्ही मोजणीचे मायनसही एकमेकांना बांधलेले. दोन मीटरना दोन बॅटऱ्या, हा नियम कंजूषपणा न करता पाळावा. चिप साधारण एक मिलिअँपिअर घेते, तेव्हा चांगली अल्कलाइन बॅटरी काही शे तास पुरते. रोज तासभर वापरल्या जाणाऱ्या उपकरणाला हा उपाय अजूनही सगळ्यात स्वच्छ आहे, आणि त्याला जुनाट म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही.

एलईडीचं भावंड, आयसीएल7107, एका सेगमेंटला सुमारे आठ मिलिअँपिअर खाते, त्यामुळे तिथे बॅटरीचा विचारच नको. पण तिला अधिक पाच आणि उणे पाच असे दोन सप्लाय दिले की शून्य व्होल्ट तिच्या चालणाऱ्या पट्ट्याच्या मधोमध येतात. मग मोजणीचा मायनस कॉमनपासून सोडवून थेट सप्लायच्या ग्राउंडला लावता येतो. रेफरन्ससाठी कॉमन आपल्या जागी मोकळा राहतो. सामाईक ग्राउंडवर चालणारा मीटर हवाच असेल तर ही बरोबर वाट आहे. उणे व्होल्टेज वेगळ्या वाइंडिंगशिवायही काढता येतं: डेटाशीटमध्येच चिपच्या ऑसिलेटरवर सीडी4009, दोन डायोड आणि दोन कपॅसिटर लावून सुमारे उणे 3.3 व्होल्ट काढण्याचं सर्किट दिलेलं आहे, किंवा आयसीएल7660 वापरावी. मात्र एवढ्याने मीटर फक्त ग्राउंडच्या आसपासचं मोजू शकतो. तीस व्होल्ट वर असलेल्या शंटवरचे मिलिव्होल्ट त्याला मोजता येत नाहीत, आणि दोन मीटर दोन वेगळ्या मायनसवर ठेवायचे असतील तर याने काहीच सुटत नाही.

ते सोडवायचं तर मीटरचा सप्लाय खरोखर तरंगता हवा. 230 व्होल्टवर चालणाऱ्या उपकरणात माझी पहिली पसंती ट्रान्सफॉर्मरवरच्या वेगळ्या वाइंडिंगला. ट्रान्सफॉर्मर बांधून घेत असाल तर प्रत्येक मीटरला एक अशी छोटी वाइंडिंग सुरुवातीलाच सांगावी. तेव्हा तिचा खर्च नगण्य असतो. तयार टोरॉइड असेल तरी वाट आहे. चांगल्या इन्सुलेशनच्या तारेचे दहा वेढे त्याच्या भोकातून काढायचे, टोकांवर किती एसी व्होल्ट येतात ते मोजायचं आणि त्या हिशेबाने हवे तेवढे वेढे घालायचे. सात व्होल्ट एसी ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटरमधून गेले की साडेआठच्या आसपास डीसी मिळतात, ते बहुतेक एलईडी मीटरना चालतात. अशा वाइंडिंगमधून गोंगाट जवळजवळ येत नाही.

वाइंडिंगला जागाच नसेल तर चार पिनांचं आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल. बी0505एस हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं: पाच व्होल्ट आत, पाच व्होल्ट बाहेर, एक वॉट, मध्ये इवलासा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या दोन सवयी मात्र माहीत हव्यात. ते रेग्युलेटेड नसतं. लोड फार कमी असला की आउटपुट वर चढतं. किमान दहा टक्के लोड हवा, म्हणजे 20 मिलिअँपिअर. एक एलईडी मीटर पंधरा-वीस घेतो, म्हणून आउटपुटवर 470 ओहमचा रेझिस्टर टाकून आणखी दहा मिलिअँपिअर खर्च करावेत. दुसरी सवय गोंगाटाची. आतलं स्विचिंग वाइंडिंगमधल्या काही पिकोफॅरडमधून पलीकडे झिरपतं आणि शेवटचा अंक नाचतो. मॉड्यूलच्या दोन्ही बाजूंना कपॅसिटर आणि मीटरच्या इनपुटवर एक रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी एवढ्याने तो बहुधा थांबतो. दोन आउटपुटच्या त्या डब्यात दोन मॉड्यूल बसवली की एकाच 7805 वरून दोन्ही मीटर निर्धास्त चालतात.

मोबाइलचा जुना चार्जर वापरायची युक्ती अनेक जण सांगतात. ती चालते, पण तो सप्लाय वाटतो तितका तरंगता नसतो. चार्जरच्या आत मेन्सची बाजू आणि पाच व्होल्टची बाजू यांच्यामध्ये गोंगाट दाबण्यासाठी एक वाय कपॅसिटर असतो. तो 2.2 नॅनोफॅरडचा धरला तर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झवर त्यातून 0.16 मिलिअँपिअरपर्यंत गळती होते. बॅटरी किंवा दणकट सप्लाय मोजताना ती जाणवतही नाही. पण दहा किलोओहमच्या वाटेने तिला जावं लागलं तर दीड व्होल्टच्या वर गुणगुण तयार होते. दुहेरी उताराचं इंटिग्रेशन करणारा 7106 सारखा मीटर ही गुणगुण गिळू शकतो, त्याचं घड्याळ 40 किलोहर्ट्झवर ठेवलं असेल तर: तेव्हा तो इनपुट बरोबर 100 मिलिसेकंद, म्हणजे 50 हर्ट्झची पाच पूर्ण आवर्तनं, जमा करतो आणि वरखाली सम होतं. स्वस्त मायक्रोकंट्रोलरच्या मीटरकडून ही अपेक्षा धरू नये. बेनामी चार्जरच्या आतल्या इन्सुलेशनवर तर मुळीच भरवसा ठेवू नये.

सप्लायला हात न लावता सिग्नलच उचलून आणायचा, अशीही एक शाळा आहे. चार रेझिस्टर आणि एक ऑप-अँप घेऊन डिफरन्स अँप्लिफायर करायचा. कागदावर सुरेख; प्रत्यक्षात सगळं रेझिस्टरच्या जुळणीवर. एक टक्क्याचे रेझिस्टर आणि गेन एक असेल तर वाईटात वाईट स्थितीत कॉमन-मोड व्होल्टेज पन्नासपटच दाबलं जातं. तीस व्होल्ट वर असलेल्या शंटचे मिलिव्होल्ट मोजताना त्यातून 0.6 व्होल्टची खोटी भर पडेल. एक दशांश टक्क्याच्या रेझिस्टरनेही 60 मिलिव्होल्ट उरतात. म्हणून हे काम लेझरने जुळवलेल्या रेझिस्टरच्या तयार चिपकडे द्यावं: आयएनए117 अधिक-उणे 200 व्होल्ट सोसते, एडी629 270. प्लसच्या बाजूचा करंट मोजायचा आणि व्होल्टेज 26 च्या आत असेल तर आयएनए219 आकडाच तयार करून देते, पण ग्राउंड तिथेही सामाईकच राहतं, हे विसरू नये. मोठ्या करंटला एसीएस712 सारखा हॉल सेन्सर बरा. त्यात करंटची वाट आणि सिग्नल यांच्यात धातूचा संबंधच नसतो. वीस अँपिअरच्या प्रकाराला एका अँपिअरमागे 100 मिलिव्होल्ट मिळतात. शून्य करंटला मात्र आउटपुट अडीच व्होल्टवर असतं आणि तापमानाबरोबर सरकतं, त्यामुळे साध्या पॅनेल मीटरपेक्षा मायक्रोकंट्रोलरबरोबर त्याचं जास्त जमतं.

मायक्रोकंट्रोलर वापरणारच असाल तर सगळ्यात समाधानकारक रचना दुसरी आहे: एडीसी मोजायच्या बाजूला, त्याच मायनसवर बसवायचा आणि पलीकडे फक्त आकडे पाठवायचे, ऑप्टोकपलरमधून किंवा एडीयूएम1201 सारख्या आयसोलेटरमधून. अॅनालॉग व्होल्टेज ऑप्टोमधून नेताना एलईडीच्या वयाबरोबर रीडिंग घसरतं. शून्य आणि एक नेताना घसरायला काही नसतं. प्रयोगशाळेतले बेंच मल्टिमीटर मोजणीचा मायनस असाच तरंगता ठेवतात. एचपीच्या 34401ए मध्ये तो अर्थपासून 500 व्होल्टपर्यंत दूर नेता येतो.

हातात अनोळखी मीटर आला की सप्लाय न देता मल्टिमीटरच्या बझरवर सप्लायचा मायनस आणि मोजणीचा मायनस तपासायचे. बीप आला तर निकाल लागला: ते एकच आहेत. पण बीप आला नाही म्हणून आयसोलेशन आहे, असं मात्र मानू नये. 7106 चा मीटर बीप देणार नाही आणि तरीही वर सांगितल्याप्रमाणे कॉमनने बांधलेला असेल. बोर्ड उलटा करून पाहावा. मोजणीच्या आणि सप्लायच्या भागांत ट्रान्सफॉर्मर किंवा ऑप्टोकपलर आहे का, आणि त्यांच्याखाली तांब्याशिवायची मोकळी पट्टी सोडली आहे का? ती नसेल तर विक्रेत्याने काहीही सांगितलं तरी मीटर सामाईक ग्राउंडचाच समजावा.

टेलिफोन एक्स्चेंजच्या 48 व्होल्टच्या सप्लायमध्ये प्लस अर्थ केलेला असतो आणि मायनस 48 व्होल्ट खाली. तिथे तीन तारांचा मीटर लावताना काळी तार अर्थवर नव्हे, त्या उणे टोकावर जाते, आणि 48 व्होल्ट मीटरच्या सप्लाय मर्यादेबाहेर असल्याने मीटरला पाच किंवा बारा व्होल्ट वेगळे द्यावे लागतात. ते अर्थला बांधलेल्या अडॅप्टरमधून दिले तर बॅटरीच शॉर्ट होते, म्हणून आयसोलेटेड मॉड्यूल तिथे सोय म्हणून नव्हे, गरज म्हणून येतं.

230 व्होल्टच्या लाइनवर थेट बसणाऱ्या दोन तारांच्या एसी मीटरमध्ये सप्लाय लाइनमधूनच काढलेला असतो, बऱ्याचदा कपॅसिटरने व्होल्टेज पाडून. त्याच्या बोर्डावरचा प्रत्येक बिंदू जिवंत समजावा; त्यातून मायक्रोकंट्रोलरसाठी सिग्नल काढू नये आणि त्याचा मायनस इतर कशालाही जोडू नये. बी0505एस वर लिहिलेले एक हजार व्होल्ट हे थोड्या वेळाच्या चाचणीचे असतात. रोज मेन्स आणि माणसाचा हात यांच्यामध्ये उभं राहण्यासाठी ते मॉड्यूल बनवलेलं नाही. त्या जागी दुहेरी इन्सुलेशनचा, मेन्ससाठी प्रमाणित केलेला ट्रान्सफॉर्मर किंवा कन्व्हर्टरच लागतो, आणि तिथे मीटरच्या किमतीच्या चौपट खर्च सप्लायवर झाला तरी तो करावा.